एकच प्रोग्रॅम, दोन कंपायलर, दोन वेग

प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरवणे, एवढेच कंपायलरचे काम आहे असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात उत्तर तेच ठेवून ते काढण्याची रीत बदलण्याची मोठी मुभा त्याला असते. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर पूर्ण केला, तेव्हाही हाताने लिहिलेल्या सूचनांच्या तोडीचा वेग गाठणे हेच त्यांचे मुख्य आव्हान होते.

एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांची बेरीज करणारा साधा लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, घेऊ. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सेटिंग) चालू असताना क्लँग हा कंपायलर त्या लूपचा अर्थ ओळखतो आणि त्याच्या जागी शाळेत शिकलेले बेरजेचे सूत्र ठेवतो, त्यामुळे संख्या कितीही मोठी असली तरी वेळ जवळपास तेवढाच लागतो. जीसीसी हा दुसरा कंपायलर सहसा लूप कायम ठेवतो, मात्र प्रोसेसरच्या २५६ बिटांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागेत) ३२ बिटांचे ८ पूर्णांक बसवून एकाच सूचनेत ८ बेरजा उरकू शकतो. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण दोन्ही उत्तरे बरोबर असूनही त्यांमागची समज वेगळी आहे.

दशांश संख्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक नाजूक होतो. संगणक प्रत्येक बेरजेनंतर उत्तर ठरावीक अंकांत बसवण्यासाठी त्याचे पूर्णांकन करतो, म्हणून बेरजांचा क्रम बदलला की उत्तरही किंचित बदलू शकते. जीसीसी सांगितल्याशिवाय हा क्रम बदलत नाही. इंटेलचा कंपायलर मूळ सेटिंगमध्येच तशी सूट घेतो. या दोघांची तशीच तुलना केली, तर आपण कौशल्याबरोबर परवानगीही मोजत असतो. सेटिंगचे नाव सारखे असले तरी अर्थ सारखा नसतो: ‘ओ २’ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर जीसीसीने लूपमधल्या अनेक कृती वर सांगितल्याप्रमाणे एकाच सूचनेत उरकणे २०२२ सालच्या १२व्या आवृत्तीपासून सुरू केले, क्लँग ते आधीपासून करत होता.

आणि प्रोग्रॅमचा बहुतेक वेळ मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यातच जात असेल, तर कंपायलर बदलूनही फारसा फरक पडत नाही. तिथे माहितीची मांडणीच बदलावी लागते.