सत्यशोध

सत्यशोध म्हणजे एखादी गोष्ट खरोखर कशी आहे हे जाणून घेण्याची, आणि आपल्याला ती तशी वाटते एवढ्यावरून ती तशीच असेल असे गृहीत न धरण्याची, माणसाची धडपड. तत्त्वज्ञान, कला आणि रोजचा व्यवहार या तिन्ही ठिकाणी ती चालते. मात्र पुरावा कशाला म्हणायचे, चूक झाली हे कशावरून ओळखायचे आणि ती दाखवून देण्याचा अधिकार कोणाचा, याची उत्तरे प्रत्येक ठिकाणी निराळी मिळतात. सत्याच्या व्याख्यांपेक्षा चूक पकडण्याच्या या रीती अधिक बोलक्या आहेत, म्हणून प्रस्तुत नोंदीत भर त्यांच्यावर आहे.

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न प्रमाणांच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांच्या, चर्चेत मांडला. चार्वाकांनी केवळ प्रत्यक्ष मानले, दिङ्‌नागाच्या परंपरेतील बौद्धांनी प्रत्यक्ष आणि अनुमान, सांख्यांनी त्यांत शब्दाची, म्हणजे विश्वसनीय वचनाची, भर घातली, नैयायिकांनी उपमानाची, म्हणजे साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाची. कुमारिल भट्टाला मानणारे भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती सहा प्रमाणांपर्यंत गेले. संख्येच्या या वादापेक्षा भ्रमाची चर्चा जास्त खोल आहे. दोरीच्या जागी साप दिसतो किंवा शिंपल्यावर चांदीचा भास होतो, तेव्हा नेमके काय चुकते? प्रभाकर मीमांसकांच्या मते समोरची वस्तू आणि आठवलेली चांदी यांतला भेद लक्षात येत नाही, एवढेच घडते. नैयायिकांच्या मते एक वस्तू दुसऱ्याच रूपाने कळते. अद्वैती म्हणतात की दिसलेल्या चांदीला सत्‌ही म्हणता येत नाही आणि असत्‌ही. ज्ञानाच्या खरेपणाबद्दलही असाच मतभेद होता. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते, आणि पुढे त्याला बाध आला, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने ते खोडले गेले, किंवा ज्या साधनाने ते मिळाले त्यातच दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांना हे पटत नव्हते. लांबून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागली तरच ठरते, असे ते म्हणत. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये वैज्ञानिक सिद्धान्ताची ओळख तो खोटा ठरू शकण्याच्या शक्यतेवरून सांगितली, तेव्हा मीमांसकांच्या बाधविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य मात्र ओझरतेच आहे, कारण मीमांसकांना या युक्तिवादाने वेदांचे प्रामाण्य राखायचे होते आणि पॉपर यांना कोणतेही प्रामाण्य कायमचे राहू द्यायचे नव्हते.

जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही असे म्हणणे म्हणजे सत्य बोलणे, हे ॲरिस्टॉटलचे सूत्र पाश्चात्त्य परंपरेतील संवादितावादाचा, म्हणजे विधान वस्तुस्थितीशी जुळते तेव्हा ते सत्य असते या मताचा, पाया मानले जाते, आणि आल्फ्रेड तार्स्की यांनी १९३३ मध्ये औपचारिक भाषांसाठी दिलेली सत्याची व्याख्या त्याच दिशेची आहे. विधानांच्या परस्परसंगतीत सत्य पाहणारा सुसंगतिवाद आणि विश्वासाच्या परिणामांकडे पाहणारा फलप्रामाण्यवाद हे त्याचे प्रमुख प्रतिस्पर्धी होत.

केवळ योगायोगाने खऱ्या ठरलेल्या विश्वासाचा प्रश्न या सर्वांहून अधिक छळणारा आहे. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने त्याचे एक नमुनेदार उदाहरण दिले. कोणीतरी मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून वर आलेला नाही, पण मांसाच्या वासाने चिलटांचा थवा जमून घोंघावतो आहे. लांबून पाहणाऱ्याला तो काळपट थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. त्याचे म्हणणे खरे आहे, त्याला कारणही आहे, तरीही त्याला विस्तवाचे ज्ञान झाले असे म्हणायला आपले मन धजत नाही. एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात याच जातीची उदाहरणे मांडली आणि सकारण, सत्य विश्वास म्हणजे ज्ञान ही प्रचलित व्याख्या डळमळीत केली. सत्यापर्यंत पोहोचणे पुरेसे नसते, कोणत्या वाटेने पोहोचलो हेही पाहावे लागते, हा मुद्दा धर्मोत्तराच्या उदाहरणात जितका डोळ्यांना दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसतो.

कलेकडे सत्यशोधाचे साधन म्हणून पाहण्याला प्लेटोचा विरोध होता. चित्रातला पलंग हा खऱ्या पलंगाची नक्कल आणि खरा पलंग हीही मूळ, अमूर्त आकाराची नक्कल, असे तो मानी. ॲरिस्टॉटलने उलट बाजू घेतली: इतिहास घडून गेलेले सांगतो, काव्य घडू शकणारे सांगते, आणि म्हणून काव्य तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळचे आहे. नाट्यशास्त्राचा नवव्या शतकातील भाष्यकार शंकुक याचे उत्तर या दोघांहून सूक्ष्म आहे. रामाची भूमिका करणाऱ्या नटाकडे पाहताना प्रेक्षकाला होणारी प्रतीती खरी, खोटी, संशयाची किंवा केवळ सादृश्याची नसते. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तशी ती चौघींहून वेगळी असते. शंकुकाचे हे मत आपल्यापर्यंत आले ते त्यावर कठोर टीका करणारा काश्मिरी तत्त्वज्ञ अभिनवगुप्त याच्यामुळे.

चित्रातल्या घोड्याने पुढे युरोपातही असाच वाद उभा केला. तेओदोर जेरिको यांच्या १८२१ च्या घोडशर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत झेपावलेले दिसतात. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने बारा कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे दिसले; पण ते सुटतात पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली दुमडलेले असताना. चित्रकारांचे चुकले होते, हे उघड झाले. तरीही शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी जेरिको यांचाच पक्ष घेतला. वास्तवात काळ थांबत नाही, म्हणून गोठलेला क्षण दाखवणारे छायाचित्रच खोटे आणि एकामागून एक येणाऱ्या हालचाली एकाच आकृतीत दाखवणारा चित्रकार खरा, असे त्यांचे म्हणणे होते. या वादात दोन्ही बाजूंना आपापला पुरावा आहे. पायांच्या स्थितीबद्दल मायब्रिज यांना आव्हान देता येत नाही, आणि वेग कसा जाणवतो याबद्दल रोदँ यांना. कलाकृती खोटी पडते ती नेमक्या कोणत्या दाव्याबाबत, हे आधी ठरवावे लागते. युद्धाचे वार्तांकन म्हणून दाखवलेल्या छायाचित्राला रोदँ यांचा बचाव उपयोगी पडणार नाही.

रोजच्या व्यवहारात माणूस फारच थोडे स्वतः पडताळतो. स्वतःची जन्मतारीखसुद्धा प्रत्येकाला इतरांच्या सांगण्यावरून किंवा कागदावरूनच कळते. म्हणून साक्ष आणि स्मृती यांची विश्वासार्हता हा या क्षेत्रातला कळीचा प्रश्न ठरतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘चक्काचूर झाला’ अशा अर्थाचे क्रियापद असताना सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा अधिक आला, नुसत्या ‘स्पर्श झाला’ने ३१.८. आठवड्यानंतर दुसऱ्या एका गटाला फुटलेली काच दिसली का, असे विचारले. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती, तरी ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत ही संख्या ७ होती. यांतले कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो, हे मान्य केल्यामुळेच उलटतपासणीला आणि स्वतंत्र पुराव्याला महत्त्व येते.

सत्य कळणे आणि ते बोलणे यांत आणखी एक अंतर आहे. इमान्युएल कांट यांनी १७९७ मध्ये असे प्रतिपादन केले की मित्राच्या मागावर आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण याच्या नेमके उलट सांगतो: सदैव खरेच बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने रानात लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना दाखवली, ती माणसे मारली गेली आणि खरे बोलूनही कौशिक नरकात गेला. कांट यांची सुसंगती आदरणीय असली तरी या प्रसंगापुरते कृष्णाचे पारडे जड आहे.

समाजाने एकत्रितपणे सत्य शोधण्याचा आधुनिक काळातील सर्वांत चर्चित प्रयत्न म्हणजे वर्णभेदाच्या राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणारा दक्षिण आफ्रिकेचा सत्य व सलोखा आयोग. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली त्याच्या जाहीर सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकीकत उघड करणाऱ्याला माफी मिळू शकेल, अशी तरतूद होती. आयोगाने १९९८ च्या अहवालात पुराव्यांनी सिद्ध होणारे सत्य आणि पीडितांनी आपल्या तोंडून सांगितलेले सत्य यांना वेगवेगळे स्थान दिले. पहिल्याच्या मर्यादा वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणात दिसल्या. बिको यांचा १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला होता. माफी मागणाऱ्या माजी पोलिसांनी झटापटीत त्यांचे डोके भिंतीवर आपटल्याचे सांगितले; ही हकीकत आयोगाच्या माफी समितीला पटली नाही आणि १९९९ मध्ये माफी नाकारण्यात आली. २००३ मध्ये प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांच्या अभावी खटला न भरण्याचा निर्णय झाला, आणि २०२५ मध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुन्हा उघडण्यात आली.