मुकादमाचा कागद

मुकादम हा शब्द मुळात अरबी. मुकद्दम म्हणजे पुढे ठेवलेला माणूस. 'टीम लीडर'चाही अर्थ वेगळा निघत नाही. मुकादमाचा टीम लीडर होईपर्यंत नागपुरात सव्वाशे वर्षं गेली. या पुढे ठेवलेल्या माणसाला पुढे ठेवण्याआधी काही शिकवावं लागतं, हे पटायलाही जवळजवळ तेवढाच काळ लागला, आणि अजून सगळीकडे पटलंय असं नाही. मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या ऑफिसात किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पंचविशीतल्या पोराला बढती मिळते, घरी पेढे येतात आणि काल शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या मित्राची रजा आज त्याला मंजूर किंवा नामंजूर करायची असते. प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं, कधी तेही नसतं. हे असं का, याचं उत्तर आपल्याच गावात सापडतं.

सुरुवात गिरणीपासून करावी लागते. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, तलावाकाठची एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजींनी व्यवस्थापक म्हणून आणले बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले अधिकारी, कापडाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. कापडाचं तंत्र सांभाळायला ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तज्ज्ञ होते. बेझनजींनी माणसं, हिशेब आणि शिस्त सांभाळायची. पुढे ते 'सर' झाले. म्हणजे या शहरातल्या पहिल्या मोठ्या कारखान्याचा प्रमुख निवडताना धंद्याचं ज्ञान आणि माणसं चालवण्याचं कसब या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या गेल्या होत्या. या मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. कायद्याने मागण्याच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी. शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन वरच्या जागांसाठी तयार करण्याचा प्रयोगही जमशेटजींनी केला.

हे सगळं वरच्या मजल्याचं झालं. खाली, साच्यांच्या खडखडाटात राज्य होतं जॉबरचं.

जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. गावाकडून माणूस आणायचा तोच, कामावर घ्यायचा तोच, साचा बिघडला तर दुरुस्त करायचा तोच. नव्याला सूत जोडायला शिकवायचं, रजा द्यायची, अडल्या वेळी व्याजाने पैसे द्यायचे आणि नको झाला तर घरी बसवायचं, हेही त्याच्याच हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. देशभरच्या गिरण्यांत नोकरी मिळवायला आणि टिकवायला या माणसाला दस्तुरी, म्हणजे कमिशन, द्यावी लागे. त्याला कागद, म्हणजे शिकल्याचं प्रमाणपत्र, कोणी विचारला नाही. त्याची लायकी म्हणजे साच्यावर काढलेली वर्षं आणि मागे उभी असलेली माणसं. त्यातही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागतं, या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्याला खात्यात पाऊलच टाकता येत नाही, तो त्या खात्याचा जॉबर कुठून होणार? अनुभवाने पुढे आलेल्या नेतृत्वाचं फार कौतुक करताना ही बाब आपण विसरतो.

जॉबरच्या सत्तेला पहिला मोठा धक्का व्हिटली आयोगाने दिला. कामगारांची स्थिती तपासायला १९२९ मध्ये नेमलेल्या या रॉयल कमिशनने गावोगावी साक्षी घेतल्या. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या साक्षींचा वेगळा खंडच आहे. १९३१ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की भरतीचा आणि काढून टाकण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि त्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. समाजकार्य महाविद्यालयांतून शिकून मुलं-मुली या जागांवर जाऊ लागली.

गंमत इथेच आहे. मुकादमाकडे कितीतरी कामं होती. भरती लेबर ऑफिसरने घेतली, रजेचा हिशेब टाइम ऑफिसने घेतला, उसनवारी पतपेढीकडे गेली, दुरुस्ती मेंटेनन्सकडे. यातली बरीच कामं करणाऱ्याला पदवी किंवा परीक्षा लागू लागली. मुकादमाच्या हातात उरलं ते नव्याला शिकवणं आणि दहा माणसं एका कामाला लावणं. सगळ्यात अवघड तेच होतं, आणि त्याला कागद लागायचा नाही.

याला ठळक अपवाद जमिनीखाली सापडतो. कामठी, सिल्लेवाडा, सावनेर या बाजूला कोळशाच्या भुयारी खाणी आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय १९७५ पासून नागपुरातच आहे. या खाणीत टोळीचा म्होरक्या तो 'माइनिंग सरदार', आणि त्याच्या वरचा 'ओव्हरमन'. सरदार हा शब्दही एके काळी मुकादमासारखाच होता. बंगालकडच्या खाणींत आणि तागाच्या गिरण्यांत मजूर गोळा करून आणणारा तो सरदार. पण १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि बलुचिस्तानातल्या खोस्टच्या कोळसा खाणीत मोठे अपघात झाले. त्यानंतर १९०१ चा खाण कायदा आला आणि १९०२ मध्ये खाणींची तपासणी करणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली. आजचं खाण सुरक्षा महासंचालनालय, लोकांच्या तोंडचं डीजीएमएस, ते हेच. हळूहळू नियम असा झाला की परीक्षा दिल्याशिवाय सरदार होता येत नाही. १९५७ च्या कोळसा खाण नियमांत तो पक्का लिहिला गेला.

या परीक्षेला बसायला काही वर्षं खाणीत काढावी लागतात. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र वेगळं लागतं, गॅस तपासण्याचं वेगळं. पाळी सुरू होण्याआधी सरदार आपल्या हद्दीत फिरतो. काठीने छत ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर वरचा थर सुटलाय. सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून धरली की मिथेन असेल तिथे तिच्यावर निळसर टोपी चढते. ती किती उंच, यावरून गॅस किती ते त्याला कळावं लागतं. १९५७ च्या नियमांनुसार प्रमाण १.२५ टक्क्यांवर गेलं की माणसं बाहेर. मग वरचा साहेब उत्पादनाचा आकडा घेऊन कितीही ओरडो. शेवटी तो वहीत लिहून सही करतो, आणि दुर्घटना झाली तर चौकशीत पहिली उघडली जाते ती हीच वही. मॅंगनीजच्या खाणींत, म्हणजे मनसर आणि गुमगावकडे, याच धर्तीवर 'मायनिंग मेट' आणि 'फोरमन' आहेत, त्यांनाही प्रमाणपत्र लागतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरमनकाका आपलं सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या पिशवीत, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर ठेवतात. म्हणतात, "बाप्पा, डिग्री गेली त चालन, हे गेलं त मी कोण?"

अग्निशमन दलाचंही असंच. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. देशभरातले सब-ऑफिसर आणि स्टेशन ऑफिसर इथे शिकून जातात. जळत्या इमारतीत माणसं आत पाठवायची की बाहेर बोलवायची, हे ठरवणाऱ्याला महिनोन्‌महिने तयार करावं लागतं, यावर कधी वाद झाला नाही. जिथे म्होरक्याचं अज्ञान त्याच दिवशी जीव घेतं, तिथे कागद आधी आला. जिथे ते हळूहळू माणसं खातं, तिथे अजून वाट बघणं चालू आहे.

जमिनीवरच्या कारखान्यांसाठी विचार झाला तो युद्धामुळे. १९४० मध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम निघाला. कसबी माणसं सैन्यात चाललेली, कारखान्यांत नवखे, आणि त्यांना शिकवणारे फोरमन स्वतः कधी शिकवायला शिकलेले नाहीत. उपाय साधा होता. दहा तासांचा एक वर्ग, दोन-दोन तासांच्या पाच बैठकी. एक वर्ग काम कसं शिकवायचं याचा, दुसरा माणसांशी कसं वागायचं याचा, तिसरा कामाची पद्धत कशी सुधारायची याचा. शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या. आधी माणसाची तयारी करा, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या, आणि नंतर अधूनमधून जाऊन बघा. त्यांचं एक ब्रीद होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. १९४५ मध्ये कार्यक्रम बंद होईपर्यंत १७ लाखांहून जास्त लोकांना प्रमाणपत्रं मिळाली होती. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली, आधी अहमदाबाद-मुंबईकडच्या गिरण्यांत. माझं मत विचाराल तर नंतरच्या ऐंशी वर्षांत रंगीत स्लाइड सोडल्या तर यात फार भर पडलेली नाही.

त्याच सुमारास नागपुरात दुसऱ्या बाजूने एक प्रयोग सुरू झाला. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्याकडे, उत्तर अंबाझरी रस्त्यावर आलं. आता त्याला आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडींचं नाव आहे. पद्धत तीन पायऱ्यांची होती. शिक्षण अधिकारी निवडक कामगारांना शिकवणार. हे 'कामगार शिक्षक' आपापल्या कारखान्यात परत जाऊन बाकीच्यांचे वर्ग घेणार. कामगार शिक्षकाचं शिक्षण सुमारे तीन महिन्यांचं, आणि तेवढे दिवस मालकाने त्याला पगारी मोकळं सोडायचं. थोडक्यात, युनियनच्या कार्यकर्त्याला तीन महिने मिळत होते आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या फोरमनला, मिळालेच तर, दहा तास. वाटाघाटीत कोण भारी पडत असेल हे सांगायला नको.

कायद्यानेही पर्यवेक्षकाची ओळख शिक्षणाने केली नाही, पगाराने केली. औद्योगिक विवाद कायद्यातल्या १९५६ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांवर पगार घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' राहिला नाही. ही मर्यादा नंतर १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. त्यामुळे एखाद्याला सुपरवायझर म्हणायचं, वरच्या रकान्यात ढकलायचं आणि त्याचं संरक्षण काढून घ्यायचं, हा खेळ कारखान्यांत बराच चालला. नाव काय दिलंय यापेक्षा माणूस खरोखर काय काम करतो ते बघा, असं न्यायालयांना वारंवार सांगावं लागलं.

पर्यवेक्षकाला शिकवायला बाहेरच्या देशांत इतके दिवस कोणी थांबलं नव्हतं. जर्मनीत 'मायस्टर'च्या, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, परीक्षेत हाताखालच्यांना शिकवता येतं का, हेही तपासतात. ब्रिटनने १९६४ मध्ये खास पर्यवेक्षकांसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळ काढलं. आपल्याकडे जर्मन मदतीने बंगलोरला फोरमन ट्रेनिंग इन्स्टिट्यूट निघाली, पण देशाच्या मानाने ती ओंजळभर पाणी.

२०१३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली आणि प्रत्येक कामाला पातळी मिळाली. दुकानातला विक्रेता चौथ्या पातळीवर, 'रिटेल टीम लीडर' पाचव्या. त्याने साठा सांभाळायचा, नियम पाळून वेळेवर अहवाल द्यायचा आणि टीम घडवायची. आधीपासून काम करणाऱ्यांना अनुभवाची परीक्षा देऊन तोच कागद मिळवण्याची सोयही आहे, म्हणजे जुन्या जॉबरलासुद्धा तो मिळू शकला असता.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. गांधीसागराजवळच्या त्या जमिनीवर आता एम्प्रेस मॉल आहे. सकाळी शटर वर जाण्याआधी तिथल्या दुकानांतून सात-आठ मुलं-मुली गोल करून उभी असतात आणि मधली एक मुलगी, त्यांच्याच वयाची, हातातल्या मोबाइलवरून कालचा सेल आणि आजचं टार्गेट वाचून दाखवते. मग एखाद्या नव्या मुलाला बाजूला घेते आणि शर्टाची घडी कशी घालायची ते दाखवते, एकदा स्वतः, एकदा त्याच्याकडून. त्या चार पायऱ्या तिला कोणी शिकवल्या असतील असं वाटत नाही.