पणजोबा कोणत्या दफ्तरात?

पूर्वज शोधायची वेळ आपल्याकडे हौसेने क्वचितच येते. वारसनोंद अडते, नाहीतर पोराचा जातीचा दाखला पडताळणी समितीपुढे अडकतो, आणि मग घरातल्या ट्रंका उघडतात. समितीच्या तारखा सोलापुरात आता रिक्षावाल्यालाही पाठ असतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद आणा. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. तेव्हापासून तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये एरवी धूळ खाणारे, कागद बांधलेले रुमाल सुटू लागले आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अचानक भाव आला.

गंमत अशी की इंग्रजांच्या वंशजांना हाच शोध फार सोपा जातो. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या काळात इथल्या चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदींच्या नकला नेमाने विलायतेला जात. आज त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एखादा सार्जंट सोलापूरच्या छावणीत तापाने गेला असेल, तर त्याच्या खापरपणतूला घरबसल्या तारीख सापडू शकते. त्याच सार्जंटाच्या घोड्याला वैरण घालणाऱ्याचे नाव शोधू गेलात, तर आधी विचारावे लागते की सरकारला हा माणूस कशासाठी हवा होता. साऱ्यासाठी, चाकरीसाठी, कर्जापायी की संशयावरून? कागद त्याच कारणाच्या दफ्तरात पडलेला असतो.

पण त्याआधी गाव कोणाच्या हद्दीत होते ते पाहावे लागते, आणि सोलापूरकर पहिली ठेच इथेच खातात. मे १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, तरी आजचा जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. हा मुलूख नगर, पुणे आणि सातारा यांच्यात वाटलेला होता. १८३८ मध्ये सोलापूरचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा होते, तसेच आज कर्नाटकात असलेले इंडी आणि मुद्देबिहाळही होते. १८६४ मध्ये तो मोडला आणि पुढे काही वर्षांनी नव्याने जुळवला, तेव्हा पंढरपूर, सांगोला साताऱ्याकडून इकडे आले. माळशिरस तर १८७५ मध्ये आले. त्यामुळे माळशिरसच्या घराण्याचा १८४८ पूर्वीचा कागद इंग्रजांकडे नसून सातारच्या छत्रपतींच्या दफ्तरात असण्याचा संभव जास्त, कारण ते राज्य त्या साली खालसा झाले. मंगळवेढा सांगलीकर पटवर्धनांचा. अक्कलकोट भोसल्यांचे संस्थान, स्वातंत्र्य मिळेपर्यंत वेगळेच. आणि तुळजापूर, नळदुर्ग ओलांडले की निजामाची हद्द. म्हणजे लग्नाची वऱ्हाडे बैलगाडीने दिवसभरात जिथे पोचत, तेवढ्या टापूत चार सरकारे आणि चार तऱ्हांची दफ्तरे होती. आजी अक्कलकोटची, आजोबा मोहोळचे, पणजी नळदुर्गाकडची असली की एकाच घराची वंशावळ तीन ठिकाणी विखुरते.

ज्याच्याकडे जमीन होती त्याचे त्यातल्या त्यात बरे. कंपनी सरकारच्या प्रिंगलसाहेबाची जमिनीची पाहणी फसली, माणसे गाव सोडून गेली. मग १८३५ च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत सोलापूरकडच्या तालुक्यांत आली. शेताला सर्व्हे नंबर, नंबराला आकार म्हणजे सारा, आकारापुढे खातेदाराचे नाव, आणि हे तीस वर्षांसाठी कायम. रयतवारी असल्याने मध्ये जमीनदार नाही, म्हणून साध्या कुणब्याचे नाव थेट सरकारी वहीत चढले. बंगालच्या रयतेला हे भाग्य मिळाले नाही. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदी आल्या आणि फेरफार सुरू झाले. जुना फेरफार हा माझ्या मते या साऱ्या पसाऱ्यातला सर्वांत बोलका कागद. ‘अमका मयत, वारस मुलगे तीन, पैकी थोरला एकत्र कुटुंबाचा कर्ता’ एवढ्या दोन ओळींत तीन पिढ्या उभ्या राहतात. विधवेचे आणि अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाचे नावही तिथेच पहिल्यांदा भेटते.

पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी अशा वतनदारांचे आणखी बरे. वतन म्हटले की भांडण आलेच आणि भांडण म्हटले की पिढीनामा. चाकरीची पाळी कोणत्या शाखेची, पाटीलकीत कोणाची तक्षीम म्हणजे वाटा किती, हे सिद्ध करताना मूळ पुरुषापासून सगळी नावे मांडावी लागत. १८५२ च्या इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासल्या, १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांच्या नोंदी बांधल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हा ऐवज आहे. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वतन गेल्याचे दुःख कुणाला झाले, कुणाला सुटका वाटली, पण शोध घेणाऱ्याला त्या शेवटच्या वर्षांतली यादी सोन्यासारखी.

कर्जाचाही कागद विसरू नये. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोखे गावच्या निबंधकापुढे लिहायचे, असा त्यात नियम. त्यामुळे ज्या पणजोबांनी कधी शाळा पाहिली नाही, त्यांचे नाव, बापाचे नाव आणि अंगठा रोख्यावर मिळतो. आदल्याच १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर होरपळून निघाले होते. त्या दोन वर्षांत अचानक खंडित झालेली वंशावळ दिसली, तर चूक शोधत बसू नये.

नाव सापडले तरी ते ओळखू येईल असे नाही. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतेच. ‘राणोजी बिन सुभानजी’, ‘लक्ष्मी कोम भिवा’ अशी लिहिण्याची रीत. बिन किंवा वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. एका गावात चार राणोजी बिन सुभानजी असू शकतात, तेव्हा शेताची चतुःसीमा पाहून आपला कोणता ते ठरवायचे. बायकांचे तर माहेरचे नाव, सासरचे नाव, शिवाय घरात हाक मारायचे तिसरेच. कालगणनेचा घोळ वेगळा. शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९, आणि वर्ष बदलण्याचा महिना प्रत्येकाचा निराळा, म्हणून एखादे वर्ष इकडे-तिकडे होतेच. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असे दिसले की घाबरू नये. चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर ११७४, इसवी सन १७७३-७४.

लिपी मोडी. सरकारने १९१७ मध्ये बाळबोध म्हणजे देवनागरी वापरायचे ठरवले, पण गावकामगारांचा हात वळणावर गेलेला. पुढची कैक वर्षे खेड्यापाड्यांतल्या वह्या मोडीतच भरल्या जात होत्या. त्यातली सगळ्यांत कामाची वही म्हणजे गाव नमुना १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, बापाचे नाव काय, जात काय आणि मृत्यूचे कारण काय. कारणांच्या रकान्यात ‘ताप’ शेकड्याने सापडतो, मग प्लेगची वर्षे येतात, १९१८ चा इन्फ्लुएंझा येतो, आणि एकेका पानावर एकाच घरातली तीन-तीन नावे. एका कचेरीत अशी वही माझ्या हातात आली तेव्हा कडेची पाने बोटाला लागून तुटत होती. तिथल्या शिपायाने सांगितले, ‘फुंकर मारू नका साहेब, अक्षरं उडतात.’

जनगणनेच्या भरवशावर मात्र राहू नये. विलायतेत घरोघरच्या जनगणनेच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत आणि तिकडची वंशावळ त्यावरच उभी आहे. आपल्याकडे १८७२ पासून मोजणी झाली, पण तक्ते तयार झाल्यावर माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या नष्ट केल्या गेल्या. राहिले ते आकडे : तालुक्यात साळी इतके, कोष्टी इतके. १८८४ च्या गॅझेटिअरचा सोलापूरचा खंडही असाच, त्यात जातींची वर्णने पानेच्या पाने आहेत, माणूस मात्र एकही नाही.

आता शहराकडे. सोलापूर हे आल्यागेल्यांचे गाव. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा एकेक गिरण्या. भोंग्यावर शहर उठू-बसू लागले. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर पोटासाठी इकडे आले आणि आपण ज्याला पूर्व भाग म्हणतो तो सगळा मागांच्या खटखटीने भरून गेला. या माणसांना इथे शेत नव्हते, वतन नव्हते. मग त्यांचे नाव कोणत्या सरकारी वहीत येणार? करीमनगर किंवा नलगोंड्याकडचे मूळ गाव शोधायचे तर तिथला कारभार निजामाचा, कागद उर्दूत. इथे आल्यावर तेलुगूतले इंटिपेरु, म्हणजे घराचे नाव, मराठी कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले. एकाच घरातले तिघे भाऊ येमुल, येमूल आणि यमूल होऊन बसले, आणि आज पडताळणीत त्याच एका उकारासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते.

अशा घरांचा शोध उलटीकडून घ्यावा लागतो. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या जुन्यांपैकी एक. तिच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि घरपट्टीच्या वह्या हा शहरी माणसाचा सातबारा. शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा दुसरा. त्यात जातीचा रकाना, जन्मगावाचा रकाना आणि पालकाचा धंदा : ‘मागकाम’, ‘गिरणी’. गिरणीतल्या मस्टरवरचे नाव घरी बहुधा एखाद्या बिल्ल्याच्या किंवा पगाराच्या चिठ्ठीच्या रूपाने उरते, तेही कोणा आजीने देव्हाऱ्याच्या खणात ठेवले असेल तर. जुन्या लग्नपत्रिकाही टाकू नयेत. निमंत्रकांच्या यादीत चुलत-मावस सगळे रांगेने उभे असतात. १९३० च्या मार्शल लॉमध्ये घरातले कोणी पकडले गेले असेल, तर शिक्षेचा कागद आणि पुढे स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनाची फाइल असे दोन धागे हाती लागतात.

सर्वांत तपशीलवार नोंदी मात्र वेगळ्याच लोकांच्या झाल्या. गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारण्याचा कायदा १८७१ चा, तो १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशी कुटुंबेच्या कुटुंबे आत. बाहेर जायचे तर पास, ठरल्या वेळी हजेरी, बोटांचे ठसे, आणि दिवसा गिरणीत काम. बाप कोण, बायको कोण, मुले किती, कोण कधी कुठे गेले हे सगळे वहीत. मोहोळच्या बागाईतदारापेक्षा सेटलमेंटमधल्या माणसाची सरकारला खडान्‌खडा माहिती होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक मोकळे झाले, वस्तीच्या नावात ‘सेटलमेंट’ अजून आहे. आणि आज त्यांच्या नातवंडांना १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा आजाला डांबून ठेवल्याची तीच नोंद कामी येऊ शकते. तिचा उतारा मागायला खिडकीपाशी उभे राहताना काय वाटत असेल, ते मला लिहिता येणार नाही.

सरकारी कागदापलीकडे दोन वाटा उरतात. एक क्षेत्राची. पंढरपूरचे क्षेत्रोपाध्ये, तुळजापूरचे पुजारी, नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्ये यांच्या वह्यांत गाववार घराणी लावलेली असतात. कोणी अस्थी घेऊन आला, कोणी नवस फेडायला आला, त्याने आपल्या हाताने किंवा अंगठ्याने पिढी पुढे चालवली. आपल्या घराचा उपाध्या कोण हे घरातल्या वयस्कराला विचारून जायचे, नाहीतर दारोदार गावाचे नाव सांगत हिंडावे लागते.

दुसरी वाट स्वतःच दारात येते. कर्नाटकाच्या सीमेकडून सुगीनंतर सजवलेल्या बैलावर बसून हेळवी येतो, अंगणात थांबतो आणि घराण्याची नावे मूळ पुरुषापासून म्हणू लागतो. लिंगायत, मराठा, धनगर, ज्याच्या त्याच्या घरची वेगळी. आमच्या आजोळी दक्षिण सोलापुरात तो दर काही वर्षांनी यायचा. म्हणून झाले की मधल्या काळात जन्मलेल्या मुलग्यांची नावे विचारून वहीत घालायचा आणि पायलीभर ज्वारी, एखादे लुगडे घेऊन जायचा. एकदा माझ्या मावशीने उंबऱ्यातून विचारले, ‘आमची नावं न्हाईत व्हय त्यात?’ तो हसला, ‘तुमची तुमच्या नवऱ्याच्या दारात, अक्का.’ आजोबांनी त्याला आणखी शेरभर ज्वारी घातली आणि तिघी लेकींची नावे लिहून घ्यायला लावली. ती वही आता त्याच्या मुलाकडे आहे, आणि तो यंदा अजून आलेला नाही.