स्पीकरची जुनी वायर ‘थकते’ का?

वायर १० वर्षांत ‘थकते’ आणि आवाज पडतो, हा समज पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर अजून ठाण मांडून आहे. तांबं वापरून झिजत नाही. पावसाळी दमटपणाने हिरवी पडतात ती टोकं. अँप (अँप्लिफायर) बंद करून २-३ सेंटिमीटर कापा, लखलखीत तारा दिसल्या की सोलून घट्ट आवळा. खरखर बहुधा तिथेच जाते.

शंका उरलीच तर वायर दोन्हीकडून सोडवा, एका टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडा, दुसरीकडे रोध मोजायला मल्टिमीटर लावा. प्रोबचा, म्हणजे मीटरच्या स्वतःच्या वायरींचा, रोध वजा करायचा, हे हमखास राहतं. ५ मीटर लांब, दीड चौरस एमएम तांब्याच्या वायरला रोध ०.१२ ओहमच्या आसपास यावा. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ पर्यंत चालतं. आवरण तडकलं असेल तर मात्र बदलाच. शॉर्ट झाला की अँपचं आउटपुट उडू शकतं.