कॅव्ह १.२ की कॅव्ह १.३? अँटिबॉडी निवडताना होणारी गल्लत

कुपीवर नुसतं ‘एल-टाइप कॅल्शियम चॅनेल’ (पेशीत कॅल्शियम आत सोडणारं प्रोटीन) असेल, तर आतली अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटणारा रेणू) नेमकं कोणाला धरते ते कळत नाही. एल-टाइपमध्ये चार भावंडं. त्यांतली कॅव्ह १.२ आणि १.३ दिसायला जवळजवळ जुळी. दोघांच्या अल्फा-१ उपएककाचं (चॅनेलच्या मुख्य भागाचं) वजन सुमारे २४० किलोडाल्टन, म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) बँडच्या उंचीवरून त्यांना वेगळं काढणं व्यर्थ.

आधी एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी प्रोटीनवर जिथे चिकटते ती जागा पाहा. पेशीच्या पटलातून जाणारे भाग दोघांत फार सारखे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोमेनला (प्रोटीनच्या भागांना) जोडणारा पेशीच्या आतला लूप मात्र बराच वेगळा, त्यामुळे तिथली अँटिबॉडी बरी. सी-टोकावरची (प्रोटीनच्या शेवटच्या टोकाची) घेतलीत तर निराळीच पंचाईत: हृदयात १.२ चं शेपूट बऱ्याचदा कापलेलं असतं आणि १.३ चे स्प्लायसिंगमुळे (एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडले गेल्यामुळे) मुळातच आखूड प्रकार असतात. शेवटच्या टोकाची अँटिबॉडी हे दोन्ही चुकवते. मग बँड नाही म्हणून प्रोटीनच नाही, असा निष्कर्ष निघतो.

अँटिबॉडी खरी आहे का हे पडताळायच्या नियंत्रण नमुन्यांतही फरक आहे. १.३ नसलेले उंदीर जगतात (बहिरे असतात, हृदयाचे ठोके मंद पडतात, हे २००० साली दाखवलं गेलं), त्यामुळे त्यांच्या ऊतकावर अँटिबॉडी थेट तपासता येते. १.२ पूर्ण काढला तर भ्रूणच मरतो. तिथे एखाद्याच ऊतकातून जनुक काढलेले उंदीर लागतात. ते नसतील तर एचईके-२९३ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) दोन्ही चॅनेल वेगवेगळे व्यक्त करून शेजारच्या लेनमध्ये चालवा. अँटिबॉडीत तिच्याच एपिटोपचं पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) मिसळल्यावर बँड गेला, एवढ्यावर विसंबू नका; अँटिबॉडीची जागा पेप्टाइडने अडवली की चुकीचा बँडही तसाच जातो.

ब्लॉटची काळजी दोघांना सारखीच. नमुना ९५ अंशांवर उकळलात तर प्रोटीनचे गोळे होऊन ते वेलमध्येच (जेलमधल्या नमुना टाकायच्या खाचेत) अडकतं. ३७ अंशांवर २०-३० मिनिटं पुरतात. जेल ६ टक्के, ट्रान्सफर (प्रोटीन जेलमधून पडद्यावर नेणं) ओला, ४ अंशांवर रात्रभर. बफरमध्ये मेथॅनॉल कमी ठेवा, नाहीतर एवढं मोठं प्रोटीन जेलमधून नीट बाहेर पडत नाही. ऊतक दळतानाच प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन कापणारी एन्झाइमं रोखणारं रसायन) घाला, कॅल्पेन या अशाच एन्झाइमसाठीचाही. नाहीतर खालचा बँड शरीरातच कापला गेलेला की तुमच्या नळीत, हे नंतर सांगता येत नाही.