हार्लेममधील डॉक्टरी शिक्षण : सोफी डेव्हिस अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. अमेरिकेत मात्र आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण असा आठ वर्षांचा मार्ग रूढ आहे. हा मार्ग कोणाला परवडतो, या प्रश्नातून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील सोफी डेव्हिस अभ्यासक्रम उभा राहिला.

प्रश्न जुना होता. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने वैद्यकीय शिक्षणाला प्रयोगशाळेची शिस्त लावली, हे त्याचे ऋण मान्यच करावे लागेल; परंतु कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच त्याने टिकवण्याजोगी मानली आणि उरलेली पाच पुढे बंद पडली. पदवी आणि वैद्यकीय शिक्षण जोडून वर्षे कमी करण्याचे प्रयोग १९६१ मध्ये बोस्टन आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत झाले खरे, पण त्यांचा रोख हुशार विद्यार्थ्यांचा वेळ वाचवण्यावर होता.

सिटी कॉलेजची गोष्ट वेगळी होती. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत १९७६ पर्यंत शिक्षण विनाशुल्क होते. ती हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत असूनही तिथे गोरे विद्यार्थीच बहुसंख्य असल्याने १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा ताबा घेतला आणि १९७० मध्ये खुल्या प्रवेशाचे, म्हणजे शहरात शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकाला सार्वजनिक विद्यापीठात जागा देण्याचे, धोरण लागू झाले. त्याच वर्षी अध्यक्षपदी आलेले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्शक यांनी कॉलेजने शहराच्या गरजांना उत्तर द्यावे, असा आग्रह धरला. १९७३ मध्ये जैववैद्यकीय शिक्षण केंद्र सुरू झाले आणि डॉ. आल्फ्रेड गेलहॉर्न त्याचे संचालक झाले. लेनर्ड आणि सोफी डेव्हिस या दांपत्याच्या देणगीनंतर त्याला सोफी डेव्हिस यांचे नाव मिळाले.

रचना अशी, की शालेय शिक्षण संपवून आलेला विद्यार्थी पाच वर्षांत पदवी आणि वैद्यकीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे पूर्ण करी आणि उरलेली दोन वर्षे रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात जाई. एक वर्ष वाचे, पण माझ्या मते खरा लाभ त्याहून मोठा होता : सार्वजनिक विद्यापीठाच्या माफक शुल्कात अर्ध्याहून अधिक वाट पार पडे. मोबदला मात्र ठरलेला होता. सामाजिक आरोग्य हा अभ्यासक्रमाचाच भाग होता, वस्तीतील दवाखान्यांत प्रत्यक्ष काम करावे लागे, आणि प्रशिक्षण संपल्यावर न्यूयॉर्क राज्यातील डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात दोन वर्षे प्राथमिक आरोग्यसेवा देण्याचे वचन द्यावे लागे.

वाद टळले नाहीत. प्रवेश देताना वंशाचा आधार घेतल्याबद्दल १९७६ मध्ये संघीय न्यायालयाने केंद्राविरुद्ध निकाल दिला. त्याहून चिवट अडचण होती ती शेवटच्या दोन वर्षांच्या परावलंबनाची, कारण विद्यार्थ्यांच्या जागा इतर महाविद्यालयांच्या सहकार्यावर अवलंबून होत्या. हे चार दशके चालले. २०१६ मध्ये सात वर्षांचा सलग अभ्यासक्रम असलेले स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी न्यूयॉर्कच्याच ब्रॉंक्स भागातील सेंट बार्नाबस रुग्णालय जोडले गेले. जुन्या अभ्यासक्रमात आधीपासून शिकत असलेल्या विद्यार्थ्यांची त्याची पहिली तुकडी २०२० मध्ये, कोविडने न्यूयॉर्कला घेरलेले असताना, डॉक्टर होऊन बाहेर पडली.