बादली वाजते आणि म्हैस पान्हावते

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध हातात देतात. भोवती हॉर्न, गर्दी, गलका. तरी म्हैस पान्हावते. खरं तर तिच्यासाठी हे सोपं नाही. तिच्या कासेतलं जवळजवळ सगळं दूध वरच्या बारीक पोकळ्यांत अडकलेलं असतं, आचळालगत फार थोडं. ते खाली उतरायला मेंदूकडून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात यावं लागतं.

रेडकानं ढुशी दिली, आचळाला हात लागला की ते येतं. हे उपजत. पण बादलीचा आवाज, पुढ्यातलं आंबोण, धार काढणाऱ्याची हाक रोज त्याआधी येत गेली, की पुढे नुसत्या त्या खुणांवरही पान्हा सुटू शकतो. उलट अनोळखी जागी, परक्या हाती तीच म्हैस दूध चोरते.

रशियाच्या इव्हान पावलोव्हला हेच कुत्र्यांच्या लाळेत दिसलं. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. पण खाणं यायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटते, ही त्याला पडलेली अडचण पुढे जास्त गाजली.

दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या की जोडी जमते, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. ते अर्धंच खरं. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्लानं उंदरांना आवाजाबरोबर विजेचा झटका दिला. मात्र आवाज नसतानाही झटके तितकेच बसू लागले, तेव्हा उंदीर आवाजाला घाबरायला शिकलेच नाहीत. जोड्या तेवढ्याच होत्या, पण आवाजातून नवं काही कळत नव्हतं. लिऑन कामिन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं त्याच सुमारास आणखी एक गोष्ट दाखवली: एका खुणेनं पुढचं आधीच कळत असेल, तर तिच्या जोडीला आणलेल्या नव्या खुणेकडे प्राणी फारसं लक्ष देत नाही. या हिशेबानं, बादलीवर पान्हावणाऱ्या म्हशीला उद्यापासून सोबत रेडिओ ऐकवलात तरी नुसत्या रेडिओवर ती पान्हावेल, ही आशा कमीच. म्हणजे जनावर जोड्या मोजत नाही, अंदाज बांधतं.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात मालकाच्या मोटारसायकलमागे सजवलेल्या म्हशी धावतात, त्यात मात्र दुसरंही शिक्षण मिसळलेलं असावं. तिथे म्हैस स्वतः काहीतरी करते आणि त्याचं फळ मिळवते. पान्ह्याचं तसं नाही, तो तिच्या मर्जीवर नसतो. म्हणून धार काढणारा माणूस बदलायची वेळ आली, तर निदान जागा, वेळ आणि बादली तरी जुनीच ठेवलेली बरी.